शेजारच्या राज्यात कर कमी असला, तर लोक खरंच तिकडे जाऊन खरेदी करतात का?

करतात. मी गोव्याच्या सीमेजवळच्या सावंतवाडीचा, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही.

२०१२ साली पर्रीकर सरकारने गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट थेट ०.१ टक्क्यावर आणला. लिटरमागे साधारण ११ रुपये उतरले. तेव्हापासून आमच्याकडे कोणी "म्हापशाक जातंय" म्हणाला की पुढचं वाक्य ठरलेलं, "येताना टाकी फुल करतंय." पुढे गोव्याने कर हळूहळू वाढवला, सवय मात्र सुटली नाही. जाताना गाडीत सीमेपलीकडच्या पत्रादेवीपुरतंच पेट्रोल ठेवायचं, हे इथलं शास्त्र. माझा अंदाज एकदा चुकला. इन्सुलीच्या घाटात स्कूटर बंद पडली. उतारावरून गडगडत, मग ढकलत बांदा गाठलं आणि महाराष्ट्रातल्याच पंपावर मुकाट्याने १०० रुपयांचं पेट्रोल घातलं.

पण निव्वळ पेट्रोलसाठी जाणं परवडतं का? समजा लिटरला ८ रुपये फरक आहे. कारमध्ये ३५ लिटर भरलं की २८० वाचले. सावंतवाडी-पत्रादेवी जाऊन-येऊन पस्तीसेक किलोमीटर, म्हणजे सव्वादोन लिटर वाटेतच जळलं. हातात उरले पन्नासेक रुपये. बांदेकराची गोष्ट वेगळी, त्याच्या अंगणातच सीमा. बाकी जो बाजाराला, नोकरीला किंवा बांबोळीच्या हॉस्पिटलात जाणारच असतो, तो भरून येतो.

ट्रकवाल्यांची तर टाकीच शेकडो लिटरची आणि रस्ताही तोच. कोल्हापूरकडचे ट्रक कागल ओलांडून कर्नाटकात कोगनोळीला डिझेल भरायचे ते त्यामुळेच. २०२१ च्या दिवाळीत गोवा आणि कर्नाटकाने आपला कर ७ रुपयांनी उतरवला. महाराष्ट्राने मोठी कपात केली ती थेट जुलै २०२२ मध्ये. मधले आठ महिने सीमेअलीकडच्या पंपवाल्यांना विचारा!

कर जास्त म्हणून लोक कमी फिरतात असं मला तरी दिसलं नाही. पंप तेवढा बदलतो.

टीव्ही-फ्रिजसाठी मात्र सीमा ओलांडू नका. १ जुलै २०१७ पासून जीएसटीचा दर दोन्हीकडे सारखाच. पेट्रोल, डिझेल आणि दारू मात्र त्याबाहेर. दारू गोव्यात स्वस्त खरी, पण परवान्याशिवाय इकडे आणणं गुन्हा आहे आणि परतीच्या वाटेवर इन्सुलीला उत्पादन शुल्कवाल्यांचा नाका लागतो. टाकीत कुठलं पेट्रोल आहे ते तिथे कोणी विचारत नाही, डिकी मात्र उघडायला लावतात.