बी.फार्म. करायचे असल्यास अकरावीला गणित सोडले तर चालेल का?

आपल्या मुलीची दहावी झाली आहे, तिला पुढे बी.फार्म. करायचे आहे आणि जीवशास्त्र ठेवून गणित सोडावे असे घरातील सर्वांचे मत आहे, असे आपण लिहिले आहे. नियमापुरते उत्तर एवढेच की चालेल. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र अनिवार्य आहेत. तिसरा विषय गणित असो वा जीवशास्त्र, प्रवेशाला अडचण येत नाही आणि एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा पीसीबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र) गटातून देता येते. मात्र ‘घरातील सर्वांचे मत’ हे शब्द वाचून मला राहवले नाही.

आमच्या घरी हे मत मामाजींचे होते. नागपूरच्या गंजीपेठेतील दवाबाजारातून माल आणून महालात औषधांचे दुकान चालवणारे ते कुटुंबातील एकमेव जाणकार, म्हणून वडिलांनी माझा अकरावीचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी गणितावर काट मारली आणि म्हणाले, ‘‘गोळ्या मोजाले काऊन लॉगरिदम लागते रे?’’ मी दोन्ही विषय ठेवले, आणि पुढे कितीतरी दिवस ते माझ्याशी तुटकच बोलत असत.

बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षी सुट्टीत त्यांच्या दुकानात बसलो असता हा वाद पुन्हा निघाला. एका बाईंना पॅरासिटामॉलचे सिरप देताना मामाजींनी तोंडी हिशेब केला: मूल 12 किलोचे, किलोला 15 मिलिग्रॅम म्हणजे 180, बाटलीवर 5 मिलिलिटरमध्ये 120 लिहिलेले, तेव्हा साडेसात मिलिलिटर. हिशेब अचूक होता, आणि हे सातवीचे त्रैराशिक आहे हे त्यांचे म्हणणेही खरे होते. मग मी विचारले, ज्या औषधाचे अर्धायुष्य 4 तास आहे ते 8 तासांनी शरीरात किती उरेल? ‘‘चार तासांत निम्मं संपलं, आठ तासांत सगळं,’’ मामाजी उत्तरले. मी बिलाच्या पाठीमागे लिहून दाखवले: 400 चे 200, 200 चे 100, बाराव्या तासाला 50, म्हणजे आठ तासांनीही पाव भाग शिल्लक. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, ‘‘गिऱ्हाईक मले हे विचारत नाही.’’

गिऱ्हाईक विचारत नाही हे मान्य, पण सहाव्या सत्रातील फार्माकोकायनेटिक्स, म्हणजे औषध शरीरात किती वेळ, किती प्रमाणात राहते याचा अभ्यास, हेच विचारते. तिसऱ्या-चौथ्या सत्रातील फिजिकल फार्मास्युटिक्स आणि आठव्या सत्रातील बायोस्टॅटिस्टिक्स यांचीही गणिताशिवाय सुटका नाही. बारावीला गणित नसलेल्यांसाठी पहिल्या सत्रात रेमेडियल मॅथेमॅटिक्स असते खरे. परंतु लॉगरिदमपासून कलन (कॅल्क्युलस), समाकलन आणि थेट लाप्लास रूपांतरापर्यंत सारे 30 तासांत उरकले जाते, आणि ज्याने कलन कधी पाहिलेच नाही त्याला तेवढ्या वेळात काय उमगणार? उलट बाजूने गणितवाल्यांना रेमेडियल बायोलॉजी असते, आणि ती मन लावून पाठ केली की निभावते. म्हणून माझे स्पष्ट मत असे की मुलीने दोन्ही विषय घ्यावेत, आणि औषधाचे दुकान असलेल्या नातलगांचा सल्ला दुकानापुरताच मानावा.

जीवशास्त्र मात्र सोडू नये, कारण शरीररचना पहिल्याच सत्रात सुरू होते. अकरावीला बायफोकल (व्यवसायाभिमुख विषय) घेण्याचा विचार असेल, तर तो विषय 200 गुणांचा असल्याने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवणे बहुधा जमत नाही, हे आधीच पाहावे. पीसीएम (जीवशास्त्राऐवजी गणित) आणि पीसीबी या दोन्ही गटांची सीईटी द्यायची तर अभ्यासाचा भार वाढतो, हेही खरे. आणि मुलीला गणिताची मनापासून धास्ती असेल तर बळजबरी करू नये. बुटीबोरीत माझ्यासोबत गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करणारे काही जण निव्वळ जीवशास्त्रावर आलेले आहेत आणि उत्तम काम करतात, फक्त कॅलिब्रेशनच्या आलेखाचा उतार काढायची वेळ आली की ते कागद माझ्याकडे सरकवतात.