गल्लीतल्या लोकांनी एकत्र येऊन एरिया खरंच सुधारतो का? सुरुवात कुठून करावी?

सुधारतो. पण तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय ना, की चार सोसायट्यांच्या सेक्रेटरींची कमिटी केलीये आणि पहिलं काम म्हणून कोपऱ्यावरचे फेरीवाले उठवणार आहात, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

आमची गल्ली मुंबईत सेंट्रल लाइनवर, स्टेशनच्या रस्त्याला लागून. आमच्याकडे एएलएम आहे, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट. तेच ते, १९९७ च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनपासून सुरू झालेलं, रहिवासी आणि महापालिका मिळून गल्ली सांभाळायची वगैरे. कागदावर छान आहे. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच झाला की दर महिन्याला एक मीटिंग, चहा, आणि सेक्रेटरी काकांचं भाषण.

तर आमच्या कोपऱ्यावर इलेक्ट्रिकच्या डीपीपाशी कायम ढीग. काळ्या पिशव्या, डायपर, शहाळी, गणपती झाले की थर्माकोल, आणि रात्री घुशी. काकांचं निदान ठरलेलं, "ती भाजीवाली बसते म्हणून घाण होते." मी तेव्हाच मीटिंगमध्ये म्हटलं, काका, तिचा कोबीचा पाला आणि फ्लॉवरचे दांडे ती गोणीत भरून ठेवते, दुपारी तबेलेवाला येऊन घेऊन जातो, त्या ढिगात तिचं काय आहे ते एकदा खाली उतरून बघा तरी. त्यावर मला उत्तर, "तुम्ही भावनिक होताय." झालं. वॉर्ड ऑफिसला अर्ज गेला, एक दिवस गाडी आली, मावशींच्या टोपल्या, वजनकाटा, डोक्यावरची ताडपत्री सगळं उचलून नेलं आणि ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस. भिंतीला देवाच्या टाइल्स लावल्या, सर्वधर्मसमभाव म्हणून साईबाबा, येशू, सगळे एका रांगेत.

महिन्याभरात ढीग दुप्पट. टाइल्ससमोर नाही हं टाकला कोणी, देवाला घाबरतात लोक, टाइल्स संपतात तिथून पुढे टाकला.

मावशी पुढच्या नाक्यावर बसायला लागल्या होत्या. त्यांच्याकडे गेले, मेथी घेतली आणि सरळ विचारलं की कचरा टाकतं कोण. मेथीची जुडी बांधता बांधता त्यांनी सगळं सांगितलं. कचऱ्याची गाडी येते साडेनऊला. तोपर्यंत ऑफिसवाले गेलेले, भांडीवाल्या बायका दोन-तीन घरं उरकून पुढच्या बिल्डिंगकडे निघालेल्या, प्रत्येकीच्या हातात प्रत्येक घरची पिशवी, ती घेऊन त्या पुढच्या कामावर जाणार का? देतात कोपऱ्यावर ठेवून. बाकीचा आमच्याच बिल्डिंगमधले साहेब लोक स्टेशनला जाताना स्कूटर न थांबवता फेकतात. "मी होते तर हटकायची ना ताई, नावानं हाक मारली की लाजतात." म्हणजे त्या कोपऱ्यावर सकाळी सहापासून फुकट पहारा होता, तोच आम्ही अर्ज करून उठवला.

मग मी आणि तळमजल्यावरच्या वहिनी महापालिकेच्या सफाई मुकादमाला भेटलो. तो म्हणाला गाडीचा रूट माझ्या हातात नाही, वरती लेखी द्या. लेखी दिलं, पोच घेतली (पोच घ्याच, शिक्का मारून, नाहीतर अर्ज गेला कुठे ते कळत नाही), खूप खेपा घातल्या आणि शेवटी गाडी सातच्या आत यायला लागली. मावशींना परत बोलावलं. ढीग गेला. सगळं शंभर टक्के नाही, रविवारी अजून दोन-चार पिशव्या दिसतातच, पण डीपीपाशी नाक न दाबता उभं राहता येतं. काका आजही पाहुण्यांना सांगतात की टाइल्समुळे झालं.

म्हणून माझं स्पष्ट मत, नुसत्या सेक्रेटरींची कमिटी म्हणजे पार्किंगची कमिटी, तिला गल्ली दिसतच नाही कारण तो माणूस गाडीत बसून गेटातून बाहेर पडतो. मीटिंगला झाडूवाला, वॉचमन, इस्त्रीवाला, भाजीवाली, कामाला येणाऱ्या बायकांपैकी एखादी, हे पाहिजेतच, आणि खुर्ची देऊन, दारात उभं करून नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात सुद्धा शहराच्या पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचे असावेत असं आहे. सरकारला सुचलं ते आमच्या काकांना अजून सुचत नाही.

ओला-सुका कचरा वेगळा करणं तर घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांपासून बंधनकारकच आहे, त्यासाठी कमिटीची वाट बघू नका. रोज १०० किलोच्या वर कचरा होणारी मोठी सोसायटी असेल तर ओल्या कचऱ्याचं आतच काय ते करावं लागतं, खत-बित, ते आधी विचारून घ्या. आणि उत्साहाच्या भरात झाडाच्या फांद्या स्वतः छाटू नका, १९७५ पासून झाडांचा कायदा आहे, परवानगी लागते, आमच्याकडे एकांना नोटीस आली होती (कोणाला ते नाही सांगत).

हां, आणि फेरीवाल्यांनी पूर्ण फुटपाथच अडवला असेल, म्हाताऱ्या माणसांना रस्त्यावरून चालावं लागत असेल, तर तुमची तक्रार खरी आहे, ते मी नाकारत नाही. पण मग त्यांच्याशी बसून जागा आखून घ्या, पट्टा मारा. आणि तुमच्याकडे गाडी वेळेवर येत असेल तर वरचं सगळं सोडा, आधी गटारावरची झाकणं बघा.