अल्झायमर, पार्किन्सन, हंटिंग्टन: तिन्हींत प्रथिनांच्या गुठळ्याच का सापडतात? त्या काढल्या तर आजार बरा होईल का?

गुठळ्या का होतात हे बऱ्यापैकी कळलंय. त्या काढल्याने आजार जातो का, याचं उत्तर मात्र आजवर तरी ‘नाही’ असंच आहे. (मी जीवरसायनशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही. घरच्या कुणासाठी विचारत असाल तर न्यूरॉलॉजिस्टला गाठा.)

तिन्ही आजारांत प्रथिनं वेगवेगळी. अल्झायमरमध्ये पेशींबाहेर अमायलॉइड-बीटा साचतं आणि पेशींच्या आत टाऊचे गुंते होतात. पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्युक्लिन, हंटिंग्टनमध्ये हंटिंग्टिन. प्रकार मात्र एकच. प्रथिनाच्या साखळीला चुकीची घडी पडली की तसे रेणू एकमेकांना चिकटून तंतू बनतो, आणि त्या तंतूचं टोक पुढच्या धडधाकट रेणूलाही तशीच घडी घालायला लावतं. प्रायॉनबद्दल, म्हणजे आजार पसरवणाऱ्या चुकीच्या घडीच्या प्रथिनाबद्दल, असंच काहीसं स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये मांडलं तेव्हा फारसं कुणाला पटलं नव्हतं. १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

ही लागण पेशीतून पेशीत जाते याचा मला सर्वांत थक्क करणारा पुरावा २००८ सालचा आहे. पार्किन्सनच्या काही रुग्णांच्या मेंदूत दहा-पंधरा वर्षांपूर्वी भ्रूणातल्या चेतापेशी बसवल्या होत्या. मृत्यूनंतर तपासलं तर त्या कोवळ्या पेशींतही अल्फा-सिन्युक्लिनच्या गुठळ्या! एवढ्या कमी वयाच्या पेशींत त्या आपसूक तयार होणं अवघड. आजूबाजूच्या जुन्या पेशींकडूनच आल्या असणार.

हंटिंग्टनचं गणित त्या मानाने सरळ आहे. त्याचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. त्यात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात. ही आवर्तनं ४० किंवा त्याहून जास्त असली की माणूस पुरेसं जगल्यास आजार होतोच, आणि जितकी जास्त तितका सहसा लवकर होतो.

मग मेंदूच का? चेतापेशी एकदा तयार झाली की सहसा विभागत नाही, त्यामुळे कचरा दोन पेशींत वाटून टाकायची सोय नाही. सगळी भिस्त प्रोटिआसोम आणि ऑटोफॅजी या सफाई यंत्रणांवर, आणि वयाबरोबर त्या मंदावतात. पार्किन्सनच्या काही आनुवंशिक प्रकारांत पिंक-१ किंवा पार्किन ही जनुकं बिघडलेली असतात, आणि त्यांचं काम खराब मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) निकालात काढण्याचं.

आता तुमचा खरा प्रश्न. अमायलॉइड निर्दोष नाही हे नक्की. ते ज्या प्रथिनापासून कापलं जातं त्याचं जनुक २१व्या गुणसूत्रावर असतं, आणि हे गुणसूत्र एक जास्त असलेल्या, म्हणजे डाउन सिंड्रोमच्या बहुतेक लोकांच्या मेंदूत चाळिशीपर्यंत अल्झायमरसारखे बदल दिसतात. पण स्मरणशक्ती शेवटपर्यंत शाबूत असलेल्या कित्येक वृद्धांच्या मेंदूतही तेच थर सापडतात. लेकॅनेमॅब हे औषध अमायलॉइड खरोखर हटवतं, स्कॅनमध्ये ते दिसतं. तरी १८ महिन्यांच्या चाचणीत ऱ्हास फक्त २७ टक्क्यांनी मंदावला: १८ गुणांच्या मापावर अर्ध्या गुणाहूनही कमी फरक. शिवाय काहींच्या मेंदूला सूज आली, बारीक रक्तस्राव झाले.

माझं मत असं की दिसणारी मोठी गुठळी हा उशिराचा टप्पा आहे. तिच्याआधीचे छोटे, विरघळलेले पुंजके चेतापेशींच्या जोडण्यांना जास्त इजा करतात असं बऱ्याच प्रयोगांत दिसतं. आणि विस्मरणाशी टाऊचा पसारा अमायलॉइडपेक्षा जास्त जुळतो. लक्षणं दिसेपर्यंत पुष्कळ पेशी मेलेल्या असतात. गुठळी काढून त्या परत येत नाहीत.

म्हणून मला आरएनएवर (जनुकाचा प्रथिन बनवण्याचा निरोप नेणाऱ्या रेणूवर) काम करणारी, प्रथिन मुळात कमीच बनू देणारी औषधं जास्त आश्वासक वाटतात. एएलएस या स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींच्या आजाराच्या एका आनुवंशिक प्रकारासाठी टोफरसेन या अशा औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. हंटिंग्टनसाठीच्या टॉमिनर्सेनची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी मात्र २०२१ मध्ये थांबवावी लागली. ते औषध बिघडलेल्याबरोबर चांगलं हंटिंग्टिनही कमी करतं, आणि ते पेशीला लागतं.