वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचे तरस आणि रानातले तरस

प्रश्न : माझा नातू आठवीत आहे आणि सुट्टीच्या दिवशी व्हिडिओ गेम खेळतो. त्याच्या शेजारी बसून पाहताना लक्षात आले की, तरसासारखा प्राणी कोणत्याही गेममध्ये आला की तो शत्रूच्या बाजूलाच असतो. हावरा, भित्रा आणि टोळीने अंगावर येणारा. ही मंडळी खऱ्या प्राण्याचा काही अभ्यास करतात, की जुन्याच समजुतींना नवे रंग देतात?
— एक आजोबा, रावपुरा, वडोदरा

उत्तर : दोन्ही गोष्टी घडतात, आणि बहुधा एकाच गेममध्ये घडतात. उतरती पाठ, जाड मान, हाडे फोडणारा जबडा हे सारे बारकाईने काढलेले असते. स्वभाव मात्र दंतकथेतून उचललेला असतो. २०२३ साली आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ या गेममध्ये प्रेतांवर ताव मारलेल्या तरसांची अंगे फाटतात आणि आतून ‘नोल’ नावाचे, तरसाच्या तोंडाचे, दोन पायांवर चालणारे राक्षस बाहेर पडतात. हे नोल मूळचे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ पासून टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या खेळातले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेममध्येही ते आहेत आणि त्यांच्यातल्या हॉगर नावाच्या म्होरक्याने नवख्या खेळाडूंना इतके रडवले आहे की, त्याचे नाव आजही खेळाडूंच्या तोंडी आहे.

या राक्षसांच्या क्रौर्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. आफ्रिकेतले ठिपकेदार तरस भक्ष्य मरण्याची वाट न पाहताच खायला लागते, आणि ते दृश्य कोणालाही सौम्य वाटणार नाही. तक्रार आहे ती बेबंदशाहीच्या चित्रणाबद्दल. नोलांच्या टोळीत भुकेपलीकडे कोणताही नियम नसतो. खऱ्या ठिपकेदार तरसांचा कळप मात्र मानपानाच्या बाबतीत एखाद्या जुन्या सरदार घराण्यालाही हार जाणार नाही. केनियातील मसाई मारा येथे के होल्केम्प या संशोधिकेने १९८८ पासून चालवलेल्या अभ्यासातून हे तपशीलवार पुढे आले आहे. कळपाची सत्ता माद्यांकडे असते, पिल्लाला आईच्या लगेच खालचा दर्जा मिळतो, आणि बाहेरून आलेला धट्टाकट्टा नरही त्या पिल्लापुढे मान खाली घालून बाजूला होतो. एवढी तयार कथावस्तू हाताशी असताना गेमच्या लेखकांना रक्तपिपासू झुंडीपलीकडे काही सुचू नये, याचे मला नवल वाटते.

दुसऱ्याच्या शिकारीवर जगणारा फुकट्या, ही प्रतिमाही तपासून पाहण्याजोगी आहे. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात टांझानियातील सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो येथे रात्री-रात्री कळपांच्या मागे राहून नोंदी केल्या, तेव्हा असे दिसले की ही तरसे आपले बहुतेक अन्न स्वतः शिकार करून मिळवतात. न्गोरोंगोरोत तर तरसांनी मारलेल्या जनावरावर सिंहच येऊन हक्क सांगत. गेममध्ये सिंहाला मिळणारा राजेशाही थाट पाहताना हे आठवले की हसू येते.

न्यायाने एक चांगले उदाहरणही सांगितले पाहिजे. ‘पोकेमॉन’च्या २००२ मधील ‘रुबी’ आणि ‘सफायर’ या गेममध्ये पूचिएना नावाचे पिल्लू आहे आणि अठराव्या पातळीला त्याचे माइटीएना होते. त्याला ‘डार्क’ गटात टाकले आहे आणि खलनायकांच्या दोन्ही टोळ्यांचे लोक त्याला पाळतात, म्हणजे जुना कलंक इथेही सुटलेला नाही. तरीही माइटीएना रानात कळपाने राहते आणि कुशल प्रशिक्षकाची आज्ञा पाळते, असे त्याच्या वर्णनात आहे; शिवाय कोणताही खेळाडू ते स्वतः वाढवू शकतो. खोट काढायचीच तर एवढीच की, पूचिएना अगदीच कुत्र्याचे पिल्लू दिसते. तरसाचे कूळ कुत्र्यापेक्षा मांजर, उदमांजर आणि मुंगूस यांच्या अधिक जवळचे आहे.

प्रश्न : गेममधल्या तरसासारखे आपल्याकडचे तरसही हसते का?
— एक विद्यार्थिनी, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : नाही. ते ‘हसणे’ ठिपकेदार तरसाचे, आणि भारतात ती जात नाही. मांसावरून झालेल्या ओढाताणीत दबलेले किंवा पाठलागाने बिथरलेले जनावर तो आवाज काढते. त्यात खुनशी आनंद ऐकणारे कान आपले असतात. आपल्याकडचे पट्टेदार तरस, जे गुजरातेत वेळावदरच्या गवताळ राष्ट्रीय उद्यानात आढळते, ते बहुधा एकटे किंवा जोडीने, रात्री आणि मुकाट्याने फिरते. धोका दिसला की पाठीवरची आयाळ ताठ उभारून आकाराने मोठे भासते, आणि कुत्र्यांनी अगदीच घेरले तर कधीकधी मेल्याचे सोंग घेऊन पडून राहते. असा बुजरा प्राणी गेममध्ये शत्रू म्हणून शोभणार नाही, म्हणून अंगावर पट्टे आणि तोंडी ठिपकेदाराचे हसू अशी सरमिसळ केली जाते. भीती दाखवायला हरकत नाही, पण निदान जात तरी एकच ठेवावी.

प्रश्न : गेममधली मगर पाण्यात पाय पडताच झडप घालते. विश्वामित्री नदीच्या पुलावरून दिसणारी मगर मात्र तासन्‌तास हलत नाही. खरे काय समजावे?
— एक गृहिणी, वडोदरा

उत्तर : मगर दबा धरून शिकार करते, तेव्हा झडप खरी आहे, गेममध्ये झडपेआधीचे लांबलचक थांबणे गाळलेले असते, कारण ते पाहायला कोणी पैसे देणार नाही. जबडा उघडा टाकून काठावर पडलेली मगर धमकावत नसते, अंगातली उष्णता बाहेर टाकत असते. ऑगस्ट २०२४च्या पुरात मगरी वडोदऱ्याच्या वस्त्यांत दिसल्या, त्यांनाही पाण्यानेच तिथवर आणले होते.

मात्र विश्वामित्रीच्या काठी माणसांवर हल्ले झालेले आहेत, त्यामुळे गेममधली भीती निराधार म्हणता येत नाही. तिथे सुटते ते कारण. मादी उन्हाळ्यात काठावर खड्डा खणून अंडी घालते, राखणीला जवळच थांबते, पावसाळ्याच्या तोंडाशी आतून पिल्लांचा आवाज आला की माती उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेते. या काळात काठावर उतरणारा प्रत्येक जण तिच्या लेखी अंडीचोर असतो, म्हणून त्या महिन्यांत मुलांना पुलावरूनच मगर दाखवावी.