रोज मिसाला जाणारा माणूस डिपॉझिट कसं काय बुडवतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: म्हापशात दोन वर्षं भाड्याने राहिलात. घरमालक रोज पहाटे मिसाला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणारे. घर सोडताना मात्र रंगकामाचं निमित्त काढून त्यांनी डिपॉझिट अडकवून ठेवलं. तर मग ख्रिस्ती श्रद्धेने माणसाच्या रोजच्या वागण्यात काही फरक पडतो की नाही?

मी कॅथलिक आहे. मूळचा श्रीरामपूरकडचा, 2009 पासून गोव्यात. बांधकामांच्या साइटवर स्टोअर सांभाळतो. तुमच्या घरमालकांना मी ओळखत नाही, त्यामुळे त्यांच्या मनात काय आहे ते सांगू शकत नाही. पण मिसाला गेल्याने माणूस आपोआप सुधारतो असं मी तरी म्हणणार नाही. गोव्यात राहून ते म्हणवतही नाही. याच भूमीवर 1560 ते 1812, मधली चारेक वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चाललं, आणि ते चालवणारे काही प्रार्थना चुकवणारे नव्हते.

फरक पडतो तो दुसऱ्याच ठिकाणी. आमच्यात पापनिवेदन असतं, इथे त्याला कुमसार म्हणतात. बाहेरच्या लोकांना वाटतं की आत जायचं, पाप सांगायचं, फादर माफ करतात, पाटी कोरी. खोटं कशाला बोलू, मी जन्मापासून कॅथलिक असून माझीही समजूत तीच होती.

कुमसारात ऐकलेलं फादरने कुणाला सांगायचं नसतं, जीव गेला तरी. सांगणाऱ्यावर तसं बंधन नाही, म्हणून माझंच सांगतो.

एका साइटवर मजुरांचा ओव्हरटाइम मस्टरवर मी लिहायचो. तासाला साठ रुपये. ठेकेदार एकरकमी रोख द्यायचा आणि वाटप मुकादम करायचा. एकदा मुकादम म्हणाला, माणसामागे अर्धा तास कमी वाटू, यांना कुठे कळतंय. नऊ माणसं, म्हणजे दिवसाला 270 रुपये, ते आम्ही दोघांनी अर्धे अर्धे वाटून घ्यायचे. असे 48 दिवस झाले. माझ्या वाट्याला 6,480 आले. त्यातून मुलाची सायकल घेतली, वर थोडे उरले.

पुढच्या करेज्मात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, बायकोने रेटा लावला म्हणून कुमसाराला गेलो. दोनचार किरकोळ पापं सांगून झाल्यावर हेही पुटपुटलो. वाटलं होतं की दहा नमो मरिया म्हणायला सांगतील. जाळीपलीकडून फादरचा प्रश्न आला, किती? मी आकडा सांगितला. कुणाचे? मजुरांचे. परत केलेस? मी गप्प.

मग त्यांनी सावकाश समजावलं. घेतलेलं परत करायचा खरा इरादा नसेल तर पश्चात्ताप खरा नाही, आणि पश्चात्ताप खरा नसेल तर माफीला अर्थ नाही. मी आपलं विचारलं, माझे 6,480 ना? तर म्हणाले, दोघांनी मिळून केलंय, मुकादमाने दिले नाहीत तर त्याचेही तुझ्यावर.

बाहेर आलो तेव्हा डोक्यात नुसता 12,960 हा आकडा. बायबलातली जक्कयाची गोष्ट लहानपणापासून पाठ, तो बुटका जकातदार उंबरावर चढतो, येशू त्याच्या घरी जेवायला जातो वगैरे. शेवटी तो म्हणतो की कुणाला फसवून घेतलं असेल तर चौपट परत देईन. इतकी वर्षं ते वाक्य मी गोष्टीची शेपटी म्हणून सोडून देत होतो. चौपट नाही, एकपट द्यायलाच मला तीन पगार लागले.

मुकादम हसला आणि निघून गेला. मी सात जणांना पाकिटात घालून प्रत्येकी 1,440 दिले. ते देणं पैशापेक्षा जड गेलं, कारण कशाचे ते सांगावं लागतं. एकाने तिथेच मोजले, परत मोजले आणि विचारलं, “बाबू, और कितनों का काटा?” माझ्याकडे उत्तर होतं, आठ जणांचे, पण तोंडातून शब्द फुटेना. आठवा गावी परतला होता, त्याला गुगल पेवरून पाठवले. नववा सापडेना. फादर म्हणाले होते की माणूस मिळालाच नाही तर गरिबाला दे, पण आधी नीट शोध, “सापडत नाही” म्हणणं फार सोयीचं असतं. वर्षभर शोधलं, मग एका अनाथाश्रमात दिले. पावती अजून आहे. ठेवायची काही गरज नाही, पण स्टोअरकीपरची खोड.

तेव्हापासून मी साधुपुरुष झालो असं काही नाही. बायकोला विचारा. पण मस्टर हातात आलं की तो जाळीमागचा “किती?” ऐकू येतो, आणि मी आकडा जसा आहे तसा लिहितो. माझ्या रोजच्या वागण्यात श्रद्धेने केलेला मोजता येण्यासारखा फरक म्हणाल तर एवढाच.

संतांची गोष्टच वेगळी. बाणावलीचे सांव जुझे वाझ बघा. 1697 साली श्रीलंकेत कँडीला देवीची साथ आली तेव्हा राजासकट लोक शहर सोडून गेले, हे मागे राहून रोग्यांची शुश्रूषा करत बसले. 2015 मध्ये त्यांना संत घोषित केलं तेही नेहमीची दुसऱ्या चमत्काराची अट सोडून. मला हे फार आवडतं. आपल्या आवाक्यातलं नाही म्हणा. आम्हाला 1,440 रुपये परत करताना घाम फुटतो.

आता तुमच्या डिपॉझिटचं. घरमालकांची श्रद्धा खरी की खोटी यावर त्यांच्याशी वाद घालू नका, त्यातून रुपयाही सुटणार नाही. करारात रंगाबद्दल काय लिहिलंय ते बघा. वापराने भिंत मळणं आणि नुकसान करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर सोडतानाचे फोटो असतील तर जोडा, कापलेल्या पैशाचा तपशील बिलासकट लेखी मागा, आणि उत्तरासाठी तारीख द्या. जमलं तर करेज्माच्या तोंडावर गाठा. दुसऱ्याचे पैसे धरून कुमसाराला जाणं त्यांना तेव्हा तरी टोचावं. नाही टोचलं, तर वकिलाची नोटीस.