हेडर, पण कोणता? पेटंटच्या क्लेमबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या पेटंट अर्जातला पहिला क्लेम (शोधातल्या नेमक्या कशावर हक्क मागतो ते सांगणारे वाक्य) असा आहे : 'नेटवर्क उपकरणाला हेडर असलेले पॅकेट मिळते, उपकरण हेडरमध्ये बदल करते, आणि सदर हेडरच्या आधारे पॅकेट पुढे पाठवते.' परीक्षकाने अर्थ संदिग्ध असल्याचा आक्षेप घेतला आहे. नेटवर्कमध्ये काम करणाऱ्या कुणालाही हे वाक्य कळेल. मग अडले कुठे?

कळेल, पण दोघांना विचारलेत तर दोघांना वेगवेगळे कळेल. आक्षेप तेवढ्यावरच आहे. हेडर म्हणजे पॅकेटच्या, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याच्या, सुरुवातीचा पत्ते वगैरे असलेला भाग. 'सदर हेडर' म्हणजे आलेला की बदललेला? आधी राउटिंग टेबलमध्ये (कोणत्या पत्त्याचे पॅकेट कुठे पाठवायचे त्या यादीत) जुना पत्ता शोधायचा आणि मग तो बदलायचा, ही एक पद्धत. आधी पत्ता बदलायचा आणि मग नव्या पत्त्याने शोध घ्यायचा, ही दुसरी. एनएटी (पॅकेटमधले पत्ते बदलणे) करणाऱ्या उपकरणात हा क्रम चुकला तर पॅकेट भलतीकडेच जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमचा क्लेम यातल्या कोणत्या पद्धतीचा आहे, की दोन्हींचा, हे वाक्यावरून ठरत नाही.

याहून मोठी अडचण अशी की पॅकेटला एकच हेडर असतो कुठे? इथरनेटवरून आलेले साधे वेबचे पॅकेट घ्या. सुरुवातीला १४ बाइटचा इथरनेट हेडर, मग आयपीव्ही४ चा (इंटरनेट प्रोटोकॉलच्या, म्हणजे आयपीच्या, चौथ्या आवृत्तीचा) किमान २० बाइटचा, मग टीसीपीचा किमान २० बाइटचा. डेटा सेंटरमध्ये व्हीएक्सलॅन (एक पॅकेट दुसऱ्यात गुंडाळून नेण्याची पद्धत) असेल तर या सगळ्याभोवती व्हीएक्सलॅन, यूडीपी, आयपी आणि इथरनेट असे आणखी चार चढतात. आता एकाच पॅकेटात दोन आयपी हेडर झाले, एक बाहेरचा आणि एक आतला. तुमचे उपकरण कोणत्या हेडरला हात लावते?

परीक्षक क्लेम वाजवीपणे जितका व्यापक वाचता येईल तितका वाचतो. त्यामुळे 'हेडर' म्हणजे इथरनेटचा हेडर, असेही तो धरू शकतो. येणाऱ्या फ्रेमचा इथरनेट हेडर काढून नवा लावणे हे तर कुठलाही राउटर पहिल्यापासून करत आला आहे. थोडक्यात, अस्पष्टतेच्या पाठोपाठ नावीन्य नसल्याचा आक्षेपही दारात उभा आहे.

मी असे लिहीन : 'पहिला आयपी हेडर असलेले पॅकेट मिळते, पहिल्या आयपी हेडरमधील डेस्टिनेशन पत्त्याच्या जागी दुसरा पत्ता लिहून सुधारित आयपी हेडर तयार केला जातो, सुधारित आयपी हेडरमधील त्या दुसऱ्या पत्त्यावरून बाहेर जाण्याचे पोर्ट ठरवले जाते.' व्हीएक्सलॅनसारखा टनेल असेल तर 'बाहेरचा' आणि 'आतला' हेही घाला. वाक्य रुक्ष झाले, होऊ द्या. आणि एकदा 'सुधारित आयपी हेडर' म्हटले की शेवटपर्यंत तेच म्हणा. मध्येच 'नवा हेडर' किंवा 'शीर्षभाग' आला की परीक्षक तिसरा हेडर शोधू लागतो.

प्रश्न : 'हेडर जवळपास जसाच्या तसा ठेवून' असे लिहिले तर चालेल का?

'जवळपास'वर सरसकट बंदी नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली नॉटिलस विरुद्ध बायोसिग या खटल्यात कसोटी घालून दिली : विवरण (अर्जातले शोधाचे सविस्तर वर्णन) आणि अर्जाचा इतिहास पाहून त्या विषयातल्या जाणकाराला क्लेमची हद्द वाजवी खात्रीने कळली पाहिजे. काटेकोर गणिती अचूकता न्यायालयाने मागितलेली नाही.

पण इथे तुम्ही 'जवळपास' का लिहिलेत, ते मला दिसते. आयपीव्ही४ मध्ये प्रत्येक राउटर टीटीएल (पॅकेट आणखी किती टप्पे जाऊ शकते तो आकडा) किमान एकने कमी करतो आणि त्यामुळे हेडरचा चेकसमही (चूक ओळखण्यासाठीचा आकडा) बदलतो. नुसते 'जसाच्या तसा' लिहिले असते तर राउटरमधून गेलेले प्रत्येक पॅकेट क्लेमबाहेर पडले असते. मग तेच लिहा ना : 'टीटीएल आणि चेकसम ही फील्ड वगळता हेडर न बदलता.' आयपीव्ही६ मध्ये चेकसम नाही, फक्त हॉप लिमिट (टीटीएलच्या जागी आलेले फील्ड) आहे, तेही पाहून घ्या. वाटेत डीएससीपी (पॅकेटला कोणत्या दर्जाची सेवा द्यायची ते सांगणारे बिट) बदलले तर चालणार आहे का? हे तुमचा पेटंट एजंट ठरवू शकत नाही, तुम्हीच त्याला सांगायला हवे.

प्रश्न : आक्षेप आल्यावर विवरणात व्याख्या घालता येईल का?

नवी व्याख्या नाही. दाखल केलेल्या अर्जात जे नव्हते ते नंतर घालायला अमेरिकेत, युरोपात आणि भारतात, तिन्हीकडे मनाई आहे. भारतात पेटंट कायद्याचे कलम ५९ तर आणखी कडक आहे : सुधारलेला क्लेम आधीच्या क्लेमच्या हद्दीतच राहिला पाहिजे. मात्र विवरणात आधीपासून असलेले वाक्य उचलून क्लेममध्ये आणता येते, आणि सहसा तोच मार्ग असतो. म्हणून मूळ मसुद्यात पॅकेटची बाइटनिहाय आकृती असावी, असा माझा आग्रह असतो. कोणता हेडर कुठे सुरू होतो आणि कोणता बिट कधी बदलतो, हे तिच्यात असले तर पुढे आधार मिळतो. एखाद्या शब्दाला अर्ज दाखल केला त्या दिवशी ठरलेला अर्थ होता, हे पुराव्यानिशी दाखवणे वेगळे. ते करता येते.

प्रश्न : फील्डचे नाव देऊन सरळ आरएफसीचा (इंटरनेटच्या नियमांच्या क्रमांकित दस्तऐवजाचा) क्रमांक टाकला तर?

उपयोग होतो, पण नाव कोणत्या काळातले ते पाहा. १९८१ च्या आरएफसी ७९१ मध्ये आयपीव्ही४ हेडरचा दुसरा बाइट 'टाइप ऑफ सर्व्हिस' होता. १९९८ च्या आरएफसी २४७४ ने त्यातले ६ बिट डीएससीपीला दिले. उरलेले २ बिट २००१ साली ईसीएनकडे (नेटवर्कवरच्या गर्दीची सूचना देण्याकडे) गेले. जागा तीच, अर्थ तीन. नुसते 'प्राधान्य फील्ड' लिहिणाऱ्याला यातले काय हवे आहे? आरएफसीचा क्रमांक विवरणात द्या आणि क्लेममध्ये फील्डची जागा आणि काम सांगा.

प्रश्न : 'स्रोत पत्ता, पोर्ट आणि प्रोटोकॉल यांपैकी किमान एक' यात गैर काय?

'आणि'. २००४ साली सुपरगाइड विरुद्ध डायरेक्टीव्ही या खटल्यात अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने अशा रचनेचा अर्थ 'प्रत्येकातला किमान एक', म्हणजे तिन्ही हवेत, असा लावला होता. 'किंवा' लिहा.

प्रश्न : प्रतिस्पर्ध्याचे पेटंट मंजूर झाले आहे, पण त्यातला 'पॅकेटची माहिती' हा शब्दप्रयोग अगदीच मोघम आहे. दुर्लक्ष करू का?

नको. मोघम क्लेम तुमच्यावरही बसू शकतो. युरोपात तर मंजुरीनंतरच्या विरोध प्रक्रियेत अस्पष्टता हे स्वतंत्र कारणच नाही. मंजुरीनंतर केलेल्या दुरुस्तीतून अस्पष्टता आली असेल तरच ती तिथे तपासली जाते. अमेरिकेत खटल्यात हा मुद्दा काढता येतो, इंटर पार्टीझ रिव्ह्यूमध्ये (मंजूर पेटंटला पेटंट कार्यालयातच आव्हान देण्याच्या प्रक्रियेत) मात्र नाही. भारतात क्लेमची व्याप्ती पुरेशी आणि स्पष्टपणे ठरवलेली नसणे हे कलम ६४ नुसार पेटंट रद्द करण्याचे कारण आहे. आधी त्यांच्या अर्जाची फाइल मिळवा. परीक्षकाला दिलेल्या उत्तरात 'पॅकेटची माहिती म्हणजे फक्त हेडर, पेलोड नाही' असे काही त्यांनी लिहून दिले असेल आणि तुमचे उपकरण फक्त पेलोड (हेडरनंतरचा प्रत्यक्ष डेटा) वाचत असेल, तर ते वाक्य तुमच्या वकिलाला लगेच दाखवा.