कापण्याआधी बेता: हातानं शिवायच्या चामडी पाकिटाबद्दल वाचकांचे प्रश्न

गेले काही महिने येणारी पत्रं जवळजवळ एकाच गोष्टीची आहेत. इंटरनेटवरून पाकिटाचा नमुना उतरवला, चामडं आणलं, कापलं, आणि मग काहीतरी बसेना. इंदूरच्या माझ्या चामडकामाच्या वर्गातही तेच ऐकते. कापड चुकलं तर ठिगळ लावता येतं, उसवता येतं. चामड्याला एकदा पातं लागलं की लागलं, आरीनं पाडलेलं भोकही बुजत नाही. म्हणून प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच एकत्र उत्तरं देते.

प्रश्न : तीन दिवसांपूर्वी कडा तासताना रापी (चामडं कापायचं पातं) डाव्या तर्जनीला लागली. हळद भरली, रक्त थांबलं. बोटाचं टोक मात्र बधिर वाटतं. किती दिवस काम बंद ठेवू? (विद्यार्थी, तिलकनगर)

आजच डॉक्टरांकडे जा. बधिरपणा म्हणजे नस दुखावलेली असू शकते, आणि ती हळदीनं जुळत नाही. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही त्यांनाच विचारा. पत्र मिळालं त्या दिवशीच मी या मुलाला फोन करून हे सांगितलं. इथे छापते आहे ते बाकीच्यांसाठी. तीन दिवस थांबायचं कारणच नव्हतं. काम पुन्हा कधी सुरू करायचं तेही डॉक्टर सांगतील, मी नाही.

प्रश्न : नमुना छापला, त्याप्रमाणे बिनचूक कापलं, पण एटीएम कार्ड कप्प्यात जात नाही. चामडं आटलं का? (राजेंद्रनगर)

चामडं आटलेलं नाही, कागद आटला. बरेचसे परदेशी नमुने अमेरिकेतल्या लेटर आकाराच्या कागदावर बेतलेले असतात. तो 216 मिलीमीटर रुंद, आपला ए-फोर 210. झेरॉक्सवाला ‘फिट टू पेज’ ठेवून छापतो आणि सगळं 97 टक्क्यांवर येतं. डोळ्याला कळत नाही. बँकेचं कार्ड जगभर 85.6 मिलीमीटर लांब आणि 54 ला किंचित कमी रुंद असतं. नमुन्यात कप्प्याची आतली रुंदी 88 धरली असेल, तर 97 टक्क्यांत ती 85.4 होते. कार्ड अडलं ते त्या दोन दशांशांवर.

छापताना ‘ॲक्चुअल साइझ’ किंवा 100 टक्के निवडा आणि छापून आल्यावर स्टीलच्या पट्टीनं मोजा. नमुन्यावरचा छोटा चौकोन मोजून भागत नाही, कारण 5 सेंटिमीटरमध्ये जेमतेम दीड मिलीमीटरचा फरक पडतो. सगळ्यात लांब रेघ मोजा.

नोटेचंही बघा. सध्याची 500 ची नोट 150 बाय 66 मिलीमीटर आहे, 100 ची 142 बाय 66. 2016 पूर्वीची 500 ची नोट 167 बाय 73 होती. घरातलं जुनं पाकीट उसवून त्यावरून नमुना काढाल तर नव्या नोटा आत बुडतील. अमेरिकी डॉलरची नोट 156 बाय 66 असते, त्यामुळे तिथला नमुना आपल्याला चालतो. इतर देशांचा असेल तर आधी नोट ठेवून पाहा. तरीही शंका राहिली तर छापलेला कागद घेऊन या, पाच मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : रेक्झिनचं केलं तर चालेल का?

सरावाला जरूर करा. वापरायला नको, घडीवर सोलतं.

प्रश्न : दुकानदार म्हणाले, टिकाऊ हवं तर दोन मिलीमीटरचं चामडं घ्या. नमुन्यातले सगळे भाग त्यातूनच कापले. आता पाकीट धड मिटत नाही. दाबून मिटलं तर आत सुरकुत्या पडतात आणि सोडलं की आपोआप उघडतं. चामडं मऊ करायला काय लावू? (निवृत्त बँक कर्मचारी, लोकमान्यनगर)

काका, काहीही लावू नका. तुमच्या चामड्यात दोष नाही, हातातही नाही. तुम्हाला जाडीबद्दल कुणी सांगितलंच नाही. हे मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

नमुन्याला लांबी-रुंदी असते तशी जाडीही असते, फक्त ती कागदावर दिसत नाही. नमुना काढणाऱ्यानं ती मनात धरलेली असते. कधी कोपऱ्यात ‘3 औंस’ असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे लोकांना ते चामड्याचं वजन वाटतं. ती जाडी आहे. एक औंस म्हणजे सुमारे 0.4 मिलीमीटर, म्हणून 3 औंस म्हणजे 1.2. घडीच्या पाकिटाला बाहेरून 1.2 ते 1.5 आणि आतल्या कप्प्यांना 0.8 च्या आसपास, एवढं पुरतं.

तुमचा हिशेब मांडू. बाहेरचा भाग, आतला पाठीचा भाग आणि त्यावर तीन कप्पे, असे एका बाजूला पाच थर. प्रत्येकी 2 मिलीमीटर म्हणजे 10, आणि मिटल्यावर 20. त्यात सहा कार्डं आली की आणखी साडेचार. एक पैसाही न ठेवता अडीच सेंटिमीटरचं पाकीट! हेच बाहेरून 1.2 आणि आतून 0.8 नं केलं तर मिटल्यावर 8.8 मिलीमीटर होतं.

आता सुरकुत्यांचं. घरातली दोनशे पानी वही मधोमध दुमडून पाहा. सगळी पानं एका मापाची, तरी दुमडल्यावर आतल्या पानांच्या कडा पायरीपायरीनं बाहेर सरकतात. बाहेरच्या पानाला मोठा वळसा घ्यावा लागतो, आतल्याला छोटा. वहीची पानं मोकळी असतात म्हणून सरकतात. पाकिटाच्या कडा शिवलेल्या असतात, सरकायला जागा नसते. मग जास्तीची लांबी आत गोळा होते आणि तीच सुरकुती.

म्हणून आतला भाग बाहेरच्यापेक्षा लांबीला आखूड कापायचा. किती? दोन थरांच्या मध्यांमधलं अंतर गुणिले 3.14. थर 1.2 आणि 0.8 चे असतील तर ते अंतर 1 मिलीमीटर, म्हणजे फरक 3 मिलीमीटरचा. मध्ये आठ-दहा नोटा येणार, त्यांचं साधारण एक मिलीमीटर धरा, आणखी 3. एकूण 6. तुमच्या दोन मिलीमीटरच्या चामड्याला नोटांशिवायच 6 हवे होते, नोटांसकट 9. तुम्ही दोन्ही भाग सारखे कापलेत.

असं आखूड केलेलं पाकीट टेबलावर उघडं ठेवलं की बाहेरचा भाग मधोमध थोडा फुगून राहतो. तो तसाच असायला हवा. माझ्या वर्गात दर तुकडीत कुणीतरी हा फुगवटा चूक समजून बाहेरचा भाग छाटतं, आणि मिटल्यावर पाकीट पुन्हा ताठ. खालची शिलाई घालतानाही घडीच्या जागी मधला एक-दीड सेंटिमीटर सोडायचा, तिथून शिवायचं नाही.

जाडी मोजायला यंत्र हवंच असं नाही. एकाच चामड्याचे पाच तुकडे एकावर एक ठेवा, हलके दाबा, मोजा आणि पाचानं भागा. मग पूर्ण पाकीट आधी जाड कागदाचं करा, नोट आणि कार्डं घालून मिटून पाहा. त्यानंतर त्याच जाडीच्या रेक्झिनचं. चामडं तिसऱ्या खेपेला. एवढं झाल्यावरही रापी लावण्याआधी एखाद्या जाणत्या कारागिराला दाखवा. इंदूरला चामड्याची खेळणी करणारे कारागीर आहेत, त्या खेळण्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. ही माणसं घोड्या-हत्तीच्या सांगाड्यावर पातळ चामडं चढवतात. चिमटीत धरल्याबरोबर त्यांना समजतं की हे कुठे वळेल आणि कुठे अडेल.

तुमच्या पाकिटाचं म्हणाल तर ते उसवा. बाहेरचा तुकडा ठेवा. आतले भाग तासायचं यंत्र असलेल्या माणसाकडून पातळ होतात का ते विचारा, घरी रापीनं एवढी जाडी काढायला जाऊ नका. आणि दुकानदाराचं सांगायचं तर दोन मिलीमीटरचं चामडं पट्ट्याला चांगलं.

प्रश्न : कोपरा जाळून पाहिला, जळक्या केसांसारखा वास आला. म्हणजे अस्सल ना? (गृहिणी, सुदामानगर)

ताई, ही जाळायची गोष्ट ज्यानं पसरवली त्यानं लोकांचं फार नुकसान केलंय. त्या वासावरून एवढंच कळतं की यात कुठेतरी चामड्याचा अंश आहे. चामड्याचा भुगा चिकटवून लाटलेल्या मालालाही तोच वास येतो. कातड्याच्या खालच्या पदरावर प्लास्टिकचा मुलामा दिलेल्या मालालाही येतो. पाण्याचा थेंबही तसाच फसवा. साली-हिरड्यानं कमावलेलं चामडं पाणी पितं, क्रोमच्या क्षारांनी कमावून वर रंग चढवलेलं पीत नाही. दोन्ही अस्सलच.

कापलेली कड पाहा. वरपासून खालपर्यंत तंतू गुंतलेले दिसले पाहिजेत. वर चकचकीत पापुद्रा आणि खाली वेगळाच थर दिसला तर ठेवून द्या. पाठ उलटा, विणलेलं कापड किंवा कागदासारखं गुळगुळीत काही दिसलं तर तेही नको. ‘जेन्युइन लेदर’ हा शिक्का दर्जाचा नाही, यात काही चामडं आहे एवढंच तो सांगतो, आणि हे ठाऊक असलेले लोकच तो मोठ्या अक्षरांत मारतात. दुकानदार कापलेली कड दाखवायला कुरकुरला तर पायऱ्या उतरा. पहिली खरेदी एखाद्या मोचीदादांना सोबत नेऊन करा. घाऊक माल घ्यायचा असेल तर चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत चामड्याच्या चाचण्या होतात, तिथे विचारा.

प्रश्न : कडा कितीही घासल्या तरी चमकत नाहीत.

चामडं बहुधा क्रोमनं कमावलेलं आहे. कडेला रंग लावा, नाहीतर दुमडून शिवा.

प्रश्न : दोन सुयांच्या शिलाईला दोरा किती घ्यावा?

शिलाईच्या लांबीच्या चौपट.

प्रश्न : रात्री मुलं झोपल्यावर स्वयंपाकघरात दार लावून चामडं चिकटवायचं सोल्युशन लावते. डोकं दुखतं. मास्क लावला तर चालेल? (परदेशीपुरा)

नाही. साध्या कापडी मास्कमधून ती वाफ सरळ आत जाते. या सोल्युशनमध्ये बहुधा टोल्युइनसारखी द्रव्यं असतात. ती डोक्यात भिनतात आणि पेटही घेतात. गॅस, देवापुढची समई, उदबत्ती, काहीही जवळ नको. तुम्ही ते बंद स्वयंपाकघरात करता आहात, हे वाचून मला भीती वाटली. आजपासून गच्चीत किंवा उघड्या अंगणात करा, नाहीतर पाण्यात विरघळणारा चामड्याचा गोंद आणा. तो वाळायला वेळ घेतो, घेऊ द्या. डोकेदुखी थांबली नाही, किंवा घरात कुणी गरोदर असेल, दम्याचं असेल, तर डॉक्टरांना सोल्युशनचा डबाच नेऊन दाखवा.

प्रश्न : पावसाळ्यात पाकिटाला बुरशी आली. खोबरेल लावू का?

नको. खोबरेल 24 अंशांखाली थिजतं, म्हणजे आपल्या थंडीत ते चामड्याच्या आत गोठून बसणार. शिवाय डाग पडतो आणि तो निघत नाही. घराबाहेर, नाकाला फडकं बांधून, कोरड्या कापडानं बुरशी पुसा. दोन दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवा, उन्हात नाही. मग मधमाशीच्या मेणाचं पॉलिश अगदी पातळ लावा. प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवू नका, बुरशी त्यातच वाढते. डाग आत उतरला असेल तर कारागिराला दाखवा.

प्रश्न : कार्डातले पैसे चोरीला जाऊ नयेत म्हणून अस्तरात घालायचा खास पत्रा विकत मिळतो. घालावा का?

त्या पत्र्याच्या किमतीत चांगलं शेळीचं चामडं येईल. टॅप करायचं कार्ड मशीनच्या अगदी जवळ, काही सेंटिमीटरवरच वाचलं जातं, आणि पिनशिवायची मर्यादा 5,000 रुपये आहे. ती सोय बँकेच्या ॲपमधून बंद करता येते. कशी ते बँकेत जाऊन विचारा, विकणाऱ्याला नाही. पत्र्यानं घडीजवळ जाडी वाढते ती वेगळीच.

प्रश्न : आजोबा होळकर दरबारच्या कचेरीत होते. त्यांची चामड्याची बॅग घरात पडून आहे. तिचं पाकीट करून वडिलांना पंचाहत्तरीला द्यायचं आहे. जमेल? (रामबाग)

कदाचित. आधी पांढरं सुती फडकं बॅगेवर हलकेच घासा. फडक्यावर तांबूस भुकटी आली तर तिथलं चामडं आतून कुजलंय. ते पुन्हा जिवंत करणारं तेल कुणी विकलं तरी घेऊ नका, असं तेल नाही. त्याला टाका धरणार नाही, भोक पाडलं की कड तुटून हातात येईल. भुकटी आली नाही तर एका कोपऱ्याची हलकी घडी करा, तडा जातो का ते बघा. बाहेरची बाजू गेली असली तरी आतल्या खिशाचं चामडं वाचलेलं असू शकतं, त्याला ऊन आणि धूर कमी लागलेला असतो. घडीचं पाकीट त्यातून निघालं नाही तरी बिनघडीचा दोन कार्डांचा खिसा निघेल. त्याला हाताच्या पंज्याएवढे दोन तुकडे पुरतात.

पंचाहत्तरी कधी आहे ते लिहिलं नाहीत. महिनाभराच्या आत असेल तर उद्याच या, आणि बॅग अख्खी घेऊन या. कुठला तुकडा घ्यायचा ते आपण दोघं मिळून ठरवू. तोवर तिला कात्री लावू नका, पाण्यानं पुसू नका.